आज्ञेचे नाव आणि आज्ञेचा ऑब्जेक्ट : प्रोग्रॅम चालू असताना आज्ञा-घटक दाखल करण्याच्या पद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाला दिलेली आज्ञा ही वापरणाऱ्याच्या दृष्टीने एक शब्द असते किंवा मेनूमधील एक ओळ. त्या शब्दामागे कोणता प्रोग्रॅम-खंड उभा राहील हे प्रोग्रॅम लिहितानाच ठरलेले असावे, की तो चालू असताना आयत्या वेळी ठरावे, हा प्रश्न संगणकशास्त्रात गेली साठ वर्षे पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरमधील त्याचे रूढ उत्तर असे : आज्ञेचे नाव मजकुराच्या रूपात घ्यावे, त्या नावाचा क्लास शोधून मेमरीत आणावा, त्याचा ऑब्जेक्ट तयार करावा आणि कार्य त्याच्यावर सोपवावे. पाठ्यपुस्तकांत ही पद्धत निव्वळ सोय म्हणून येते. इतिहासाच्या अंगाने पाहता तिच्यात अधिकाराचे वाटप दडलेले दिसते. ज्याच्या हाती नाव, त्याच्या हाती यंत्राचे वर्तन. प्रस्तुत लेखात या वाटपाचा मागोवा घेतला आहे.

मल्टिक्स आणि युनिक्स

या कल्पनेचे मूळ ऑब्जेक्टच्या कल्पनेहून वेगळ्या ठिकाणी आहे. एमआयटीमधील सीटीएसएस या प्रणालीवर काम करताना लुई पुझाँ या फ्रेंच अभियंत्याने अनेक आज्ञा एकत्र गुंफून चालविण्याची रनकॉम ही सोय तयार केली. ‘शेल’ हा शब्दही त्याचाच. पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांच्या मल्टिक्स प्रकल्पात ही कल्पना पूर्णत्वास गेली. मल्टिक्समध्ये आज्ञेचा पहिला शब्द म्हणजे एका कार्यपद्धतीचे नाव मानले जाई. प्रणाली ठरलेल्या क्रमाने निर्देशिका धुंडाळून त्या नावाचा खंड शोधी, तो त्याच प्रक्रियेत जोडून घेई आणि लगेच त्याला पाचारण करी. जोडणी होत असे ती पहिल्या वापराच्या वेळी. त्यामुळे कोणीही नवी आज्ञा लिहून योग्य निर्देशिकेत ठेवावी, मूळ प्रणालीला हात लावण्याचे कारण नाही, अशी मुभा निर्माण झाली.

बेल लॅब्स १९६९ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडली. तेथे जन्मलेल्या युनिक्सने नावावरून आज्ञा शोधण्याची रीत ठेवली, पण प्रत्येक आज्ञा स्वतंत्र प्रक्रिया केली. आज्ञा बिघडली तरी शेल शाबूत राहतो, हा त्याचा मोठा लाभ. मोबदल्यात आज्ञा आणि तिला बोलावणारा यांच्यातील देवाणघेवाण मुख्यतः मजकुरापुरती उरली. मल्टिक्सचे शेवटचे यंत्र कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाले. तोवर त्याची मूळ कल्पना वेगळ्या वेषात परत आलेली होती.

आज्ञा ऑब्जेक्ट होते

ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार यांनी सिम्युला ६७ या भाषेद्वारे क्लासची कल्पना दिली. झेरॉक्स पार्कमधील स्मॉलटॉक हिने एक पाऊल पुढे टाकले. तेथे क्लास हाही एक ऑब्जेक्ट असतो. म्हणून नावावरून क्लास शोधणे आणि त्याला नवा ऑब्जेक्ट मागणे, ही त्या भाषेत रोजची बाब ठरली. सी प्लस प्लसमध्ये ही सोय नाही. क्लासचे नाव हाती असूनही ऑब्जेक्ट मिळत नाही. त्यासाठी नाव आणि निर्मिती करणारे फंक्शन यांची सारणी प्रोग्रॅमरलाच राखावी लागते.

आज्ञेला ऑब्जेक्टचे रूप देण्याची निकड मात्र एका साध्या मागणीतून आली : केलेले रद्द करता यावे. अ‍ॅपलच्या १९८५ च्या मॅकअ‍ॅप या चौकटीत टीकमांड नावाचा क्लास होता. कार्य करणे, ते परत फिरविणे आणि पुन्हा करणे या तिन्ही जबाबदाऱ्या त्याच्याकडे होत्या. बर्ट्रंड मेयर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या १९९४ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’मधील २३ रचनाबंधांत ‘कमांड’ला स्थान मिळाले आणि नाव रूढ झाले. आज्ञा मागणारा व ती पार पाडणारा यांची फारकत त्या प्रकरणात उत्तम समजावलेली आहे. आज्ञेचा क्लास मुळात येतो कोठून, याची चर्चा तेथे फारशी नाही. पुढील दशकाचा इतिहास नेमका याच मोकळ्या जागेत घडला.

जावा : नाव एक, क्लास दोन

जानेवारी १९९६ मध्ये आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत क्लास-लोडर हा स्वतंत्र घटक होता. वेबपृष्ठावर अ‍ॅप्लेटचे नाव असे, ब्राउझर तो क्लास नेटवर्कवरून आणी, त्याचा ऑब्जेक्ट बनवी आणि चालवी. परक्याचा प्रोग्रॅम-खंड आपल्या यंत्रात शिरणार म्हणून सिक्युरिटी मॅनेजर हा पहारेकरी सोबत नेमला होता. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठातील डीन, फेल्टन आणि वॉलक यांनी या पहाऱ्यातील त्रुटी प्रसिद्ध केल्या. १९९७ मध्ये एटी अँड टी लॅब्समधील विजय सारस्वत यांनी अधिक मूलगामी दोष दाखविला : दोन लोडरांनी एकाच नावाचे दोन भिन्न क्लास आणले, तर भाषेची प्रकार-सुरक्षा कोलमडू शकते. लिआंग आणि ब्राखा यांनी १९९८ च्या निबंधात त्यावर उपाय मांडला. नाव आणि ते आणणारा लोडर मिळून क्लासची ओळख ठरते, आणि लोडरांमध्ये नावांबाबत एकवाक्यता राखण्याची बंधने चालू प्रोग्रॅममध्येच तपासली जातात. नुसत्या नावावर विसंबता येत नाही, ही कबुली भाषेच्या व्याख्येतच आली, हे या प्रकरणाचे खरे महत्त्व होय.

व्यवहारात ही पद्धत स्ट्रट्‍स या चौकटीमुळे घरोघर पोहोचली. २००० साली क्रेग मॅक्लॅनाहन यांनी सुरू केलेल्या या चौकटीत कोणत्या पत्त्यासाठी कोणता अ‍ॅक्शन क्लास, हे एक्सएमएल फाइलीत लिहिलेले असे. गंमत अशी, की स्ट्रट्‍सच्या पहिल्या पिढीत प्रत्येक अ‍ॅक्शनचा एकच ऑब्जेक्ट बनवून तो सर्व विनंत्यांना वापरला जाई. आज्ञेने स्वतःची स्मृती ठेवावी या मूळ हेतूशी हे विसंगत होते, आणि ऑब्जेक्टमध्ये माहिती साठविणाऱ्या प्रोग्रॅमरच्या हातून एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका होता. दुसऱ्या पिढीत प्रत्येक विनंतीला नवा ऑब्जेक्ट देण्याची पद्धत आली.

एक्लिप्समध्ये वेगळा विवेक दिसतो. आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये खुल्या केलेल्या या प्रणालीच्या उभारणीत ‘डिझाइन पॅटर्न्स’च्या चौघांपैकी एरिक गामा हे प्रमुख होते. येथे आज्ञेचे शीर्षक, चित्र आणि क्लासचे नाव प्लग-इनच्या वर्णनफाइलीत असते. मेनू त्या मजकुरावरूनच रंगतो. प्रत्यक्ष क्लास मेमरीत येतो तो वापरणाऱ्याने आज्ञा निवडल्यावर. शेकडो प्लग-इन असूनही सुरुवात सुसह्य राहते ती यामुळे. पहिल्या वापराच्या वेळी जोडणी करणाऱ्या मल्टिक्सचीच ही रीत आहे.

नावावरचा ताबा

या सर्व रचनांत एक गृहीत समान आहे : क्लासचे नाव विश्वासू हाताने लिहिलेले असणार. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा-संचातील दोष उघड झाला, तेव्हा हे गृहीत किती ठिसूळ आहे ते दिसले. नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट रचनेचा पत्ता आढळला, की हा संच तो पत्ता स्वतः शोधायला जाई. तेथील सर्व्हर एखाद्या क्लासकडे बोट दाखवू शके आणि तो क्लास आणून त्याचा ऑब्जेक्ट केला जाई. म्हणजे लॉग-इनच्या चौकटीत काहीही टंकित करणारा अनोळखी माणूस परस्पर आज्ञा देऊ शकत होता. दूरच्या ठिकाणाहून क्लास आणण्याचा हा मार्ग जावाच्या नंतरच्या आवृत्त्यांत आधीच बंद झालेला होता. परंतु जुन्या आवृत्त्या सर्रास चालू होत्या आणि नव्यांतही आडमार्ग उरले होते. दोषाला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले.

भाषेनेही दरम्यान आपली दारे अरुंद केली. क्लासकडे थेट नवा ऑब्जेक्ट मागण्याची जुनी पद्धत २०१७ च्या जावा ९ मध्ये त्याज्य ठरविण्यात आली, कारण ती कंपायलरची अपवाद-तपासणी चुकविते. त्याच आवृत्तीतील मॉड्यूल-व्यवस्थेत आपण कोणती सेवा पुरवितो हे मॉड्यूलने आधीच जाहीर करावयाचे असते. अ‍ॅप्लेटसोबत नेमलेला सिक्युरिटी मॅनेजर मात्र २०२१ च्या जावा १७ मध्ये निवृत्तीच्या यादीत गेला आणि २०२५ च्या जावा २४ मध्ये कायमचा निष्क्रिय झाला. नावावरून क्लास आणण्याची सोय भाषेत शिल्लक आहे. आणलेल्या क्लासवर त्याच यंत्रात नजर ठेवण्याचे काम आता ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावरील कंटेनर यांच्याकडे गेले आहे, म्हणजे प्रक्रिया वेगळ्या ठेवणाऱ्या युनिक्सच्या बाजूला.