वळचणीवरचे चेहरे

मातीचा चेहरा घडवून छपरावर लावायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं? रोमन ग्रंथकार प्लिनी छातीठोकपणे एक नाव घेतो: ब्युटाडीस कुंभार. मूळचा ग्रीसमधल्या सिक्यॉनचा, धंदा शेजारच्या कॉरिंथमध्ये. त्याच्या मुलीचं एका तरुणावर मन जडलं होतं. तो परदेशी निघाला तेव्हा दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या त्याच्या सावलीभोवती तिने रेघ ओढून घेतली. बापाने रेघेच्या आत माती भरली, नाकाडोळ्यांना उठाव दिला आणि सुकल्यावर तो चेहरा बाकीच्या भांड्यांबरोबर भाजून काढला. पुढे कौलांच्या कडेला चेहरे बसवण्याची सुरुवातही याच गृहस्थाने केली, असं प्लिनी सांगतो.

प्लिनीने हे लिहिलं इ.स. ७७ च्या सुमारास, म्हणजे शेकडो वर्षांनंतर. तो म्हणतो, मूळ चेहरा कॉरिंथमध्ये जपून ठेवला होता, इ.स.पू. १४६ मध्ये मुम्मियस या रोमन सेनापतीने शहर धुळीला मिळवलं तेव्हा तो गेला. प्लिनीनंतर शंभरेक वर्षांनी अथेनागोरस नावाचा ख्रिस्ती लेखक हीच हकिकत सांगतो आणि वर म्हणतो, चेहरा अजून कॉरिंथमध्येच आहे! अठराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांनी मात्र मुलगी, दिवा, सावली एवढंच उचललं. बापाच्या हातची माती बहुतेकांनी चित्राबाहेरच ठेवली.

मला या कथेत एक गोष्ट खटकते. भिंतीवरच्या सावलीतून नाकाची, हनुवटीची रेघ मिळते ती बाजूने. छपरावरचे चेहरे मात्र थेट समोर बघतात. तेव्हा सावलीचा चेहरा आणि कौलावरचा चेहरा यांचं नातं प्लिनीने जुळवलेलं दिसतं.

चेहरे कौलांच्या कडेला येण्याचं खरं कारण छपरातच आहे. इ.स.पू. सातव्या शतकात कॉरिंथच्या आसपास देवळांवर भाजलेली कौलं आली. खाली रुंद कौलं, आणि दोन कौलांच्या सांध्यावर पालथं घातलेलं अरुंद कौल. या पालथ्या कौलांची ओळ वळचणीपाशी संपते तिथे तोंड उघडं राहतं. पाऊस उलटा आत शिरतो, पाखरं घरटी करतात. मग त्या तोंडाला मातीची चकती लावून ते बुजवायचं. देवळाच्या वळचणीला अशा चकत्यांची रांगच लागणार. तिथे कुंभाराचा हात गप्प कसा बसेल? एटोलिया प्रांतात थेर्मोस इथे अपोलोचं जुनं देऊळ होतं. त्याच्या उत्खननात असे रंगवलेले चेहरे सापडले आहेत.

पहिला चेहरा हाताने घडवायचा, पण रांगेसाठी तसेच कितीतरी लागतात. म्हणून त्यावरून मातीचाच साचा काढून भाजायचा. मग साच्यात ओली माती अंगठ्याने दाबत न्यायची. अशा चकत्यांच्या पाठीवर बोटांचे ठसे आजही दिसतात. माती साच्यातून सुटली की केसांच्या बटा, पापण्यांच्या कडा कोरणीने पुन्हा उठवायच्या. चकती ओली असतानाच मागच्या कौलाला जोडायची, पातळ रंगीत मातीचा हात द्यायचा आणि भट्टीत घालायची. साचा एक असला तरी चेहरे हुबेहूब सारखे येत नाहीत, ते या शेवटच्या हातामुळे.

विषयांत सगळ्यांत धीट म्हणजे गॉर्गन ही ग्रीक पुराणातली राक्षसी: वटारलेले डोळे, सुळे, बाहेर लोंबणारी जीभ. आपल्याकडे नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा टांगतात, त्याच जातीचं हे काम.

इटलीत ही कला कॉरिंथमधून परागंदा झालेल्या डेमारॅटसबरोबरच्या कारागिरांनी नेली, असं परंपरा सांगते. तिथे ती अधिक रुजली, कारण एट्रुस्कन लोकांच्या देवळांचा वरचा भाग लाकडी. त्याला मातीचं कवच लागायचंच. व्हेई इथल्या देवळाचा इ.स.पू. ५०० च्या आसपासचा गॉर्गन रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. त्यावरचे रंग अजून टिकून आहेत. ग्रीसमध्ये मोठ्या देवळांवर संगमरवर आला आणि पार्थेनॉनच्या वळचणीला चेहऱ्यांऐवजी दगडात कोरलेली पानं बसली. इटलीतले कुंभार मात्र पुढेही कितीतरी पिढ्या मातीचे चेहरेच साच्यातून काढत राहिले.