जलस्तंभ व पास्काल : अल्प दाबाच्या परिमाणांचे भाषांतर

द्रवीभूत पेट्रोलियम वायूवर चालणाऱ्या घरगुती शेगड्यांच्या भारतीय मानकात वायूच्या दाबाचा एक चमत्कारिक आकडा आढळतो : २.९४२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. कोणताही यंत्रज्ञ कोऱ्या कागदावर आरंभ करून असा आकडा निवडणार नाही. त्याचा उलगडा शेजारच्या कंसात होतो. तेथे ३० ग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर असे दिलेले असते. एक ग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा तळावर पडणारा दाब. ९८.०६६५ पास्कालला तिसांनी गुणिले असता २,९४१.९९५ पास्काल येतात, आणि तेच पुढे २.९४२ झाले. मूळ विचार तीस सेंटिमीटर पाण्याचा होता; मानकातील आकडा हे त्याचे भाषांतर होय. तद्भव शब्दातील एखादा अनियमित वर्ण जसा त्याच्या मूळ रूपाची साक्ष देतो, तशीच साक्ष हे दशांश स्थळांतील अंक देतात.

दाब ‘उंची’ने सांगण्याची ही रीत सतराव्या शतकातील आहे. शोषक पंपाने पाणी सुमारे अठरा हातांहून अधिक वर चढत नाही, याची नोंद गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात केली. परंतु त्याचे कारण त्याने पाण्याचा स्तंभ स्वतःच्याच भाराने तुटतो असे दिले. तोरिचेल्लीने ११ जून १६४४ रोजी रिची यास लिहिलेल्या पत्रात कारण नळीच्या बाहेर, म्हणजे हवेच्या भारात शोधले, आणि पाण्याऐवजी पारा वापरल्याने दहा मीटरांचा प्रयोग एका मीटरच्या आत आणला. ७६० मिलिमीटर पारा हा सुमारे १०.३३ मीटर पाण्याशी तोलला जातो. पास्कालने मात्र रूआँ येथे ४६ फुटी काचेच्या नळ्या उभारून पाणी व मद्य यांचेही प्रयोग केले. त्यांत मद्याचा स्तंभ अधिक उंच राहिला, कारण ते पाण्याहून हलके असते. स्तंभाची उंची ही द्रवाच्या घनतेवर अवलंबून असलेली दाबाची खूण आहे, हे तेथे उघड झाले.

वातावरणाचा दाब मोजण्यास पारा सोयीचा. परंतु अल्प दाबास तोच गैरसोयीचा ठरतो. शेगडीच्या वायूचा तीस सेंटिमीटरांचा दाब पाऱ्यात जेमतेम २२ मिलिमीटर भरेल. वाचनात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर पाऱ्यावर ती दोन टक्क्यांहून अधिक पडते, पाण्यावर एक पंचमांश टक्क्याहूनही कमी. म्हणून वायुवाहिन्या, धुराडी आणि पंखे यांच्या व्यवसायात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पाण्याची नळी रूढ झाली. तिच्या दोन बाजूंच्या पातळ्यांतील अंतर, हाच दाब. त्या काळी तेथे रूपांतराचा प्रश्नच नव्हता. नळी जे दाखवी तेच लिहिले जाई.

प्रश्न उद्भवला तो हे वाचन दुसऱ्या भाषेत नेताना. ‘एक इंच पाणी’ या शब्दप्रयोगात लांबी तेवढी उच्चारलेली आहे; पाण्याची घनता व गुरुत्वाकर्षण ही दोन पदे अध्याहृत आहेत. वैयाकरण ज्यास अध्याहार म्हणतात तोच हा प्रकार. अध्याहृत पद निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे भरले, म्हणून कोष्टकांत एकाच इंचाची अनेक मूल्ये आढळतात. घनता १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि गुरुत्व १९०१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरविलेले ९.८०६६५ मानले, तर एक इंच म्हणजे २४९.०८९ पास्काल; ६० अंश फॅरनहाइटचे पाणी धरले, तर सुमारे २४८.८४. कोष्टक वापरणाऱ्यास त्यातील पाणी किती उष्ण आहे हे ठाऊक असतेच असे नाही.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याची घनता सुमारे ९९५.७, आणि त्या अक्षांशावर समुद्रसपाटीचे गुरुत्व सुमारे ९.७८६. तेथे नळीत खरोखर तीस सेंटिमीटर अंतर दिसले, तर प्रत्यक्ष दाब २,९२३ पास्कालच्या आसपास असेल. संकेताने येणाऱ्या आकड्याहून सुमारे १९ पास्काल कमी. शेगडीस हे दोन तृतीयांश टक्क्यांचे अंतर जाणवणार नाही. परंतु २,९४१.९९५ असे सात अंक लिहिणाऱ्याने चौथ्या अंकावर तरी भरवसा ठेवू नये, एवढे यावरून निश्चित होते.

जुन्या नोंदी संपादणाऱ्या इतिहासकारास याहून मोठा धोका आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालचे मेहुणे पेरिये यांनी प्यी द दोम पर्वतावर पारा नेला, तेव्हा पायथ्याशी आणि शिखरावर ३ इंच १½ रेषांचा फरक पडला (रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग). हा इंच फ्रेंच होता, सुमारे २७.०७ मिलिमीटरचा. तो घेतल्यास फरक ८४.६ मिलिमीटर पाऱ्याचा, म्हणजे सुमारे ११.३ किलोपास्काल येतो. २५.४ मिलिमीटरचा इंच गृहीत धरणारा संपादक तोच फरक १०.६ लिहील, आणि मूळ आकडा शेजारी न छापल्यास वाचकास चूक पकडण्याचे साधनही उरणार नाही. म्हणून रूपांतरित आकडा मूळ आकड्याच्या जागी नव्हे, त्याच्या बाजूला छापणे हीच योग्य संपादनपद्धती होय.

‘पास्काल’ हे नाव दाबाच्या एककास १९७१ मध्ये मिळाले. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आणली, १९७६ च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा पाया घातला, आणि २००९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. पाण्याचा स्तंभ मात्र व्यवहारातून गेला नाही. रुग्णाच्या श्वासोच्छ्वासास साहाय्य करणाऱ्या यंत्रांत दाब विद्युत् संवेदकाने मोजला जातो, पाण्याचा थेंबही लागत नाही. तरी यंत्राच्या पडद्यावर आकडा सेंटिमीटर पाण्यातच उमटतो. तिळापासून निघाले ते तेल. पुढे मोहरीचेही तेल झाले आणि खनिजाचेही. तसेच हे. अमेरिकेतील घरगुती द्रवीभूत वायूचा दाब ११ इंच पाणी असा सांगितला जातो. मेट्रिक कोष्टकात तो २.७४ किलोपास्काल होतो.