कोशाचा धागा, कंदील आणि निळा प्रकाश

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामासाठी ओळखले जाते. हातमागाच्या या कामात हातपायांइतकाच डोळाही राबतो. खड्ड्याच्या मागावर विणकर पाय खाली सोडून बसतो आणि त्याची नजर तासन्‌तास हातभर अंतरावरच्या कापडावर खिळलेली असते.

ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे कोश ढिवर समाजातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राखत आली. कोश उकळून मऊ करायचे आणि अनेक कोशांचे तंतू एकत्र ओढून धागा काढायचा, हे काम बहुधा बायकांचे. कोशाचा मूळ रंग मधासारखा, किंचित राखट. ताण्यातला तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत मिसळून जातो, तो शोधायला नजर पारखी लागते. त्यात विदर्भाची करवतकाठी साडी असेल तर कसोटीच. काठाला करवतीसारखे दाते. दोन्ही काठांचे आणि अंगाचे मिळून तीन धोटे. दाता एका धाग्याने जरी सरकला तरी काठ बिघडतो.  

वीज येण्यापूर्वी असे काम दिवसाउजेडीच बरे होई. अंधार पडल्यावर आधार चिमणीचा किंवा कंदिलाचा. रॉकेलच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे २,००० केल्विन असते. तो उजेड तांबूस-पिवळा, निळा अंश जवळजवळ नसलेला. अशा उजेडात कोशाच्या छटा एकमेकींत विरतात आणि माणूस आणखी वाकून बघतो. बारीक काम करणाऱ्या कारागिरांचे डोळे दुबळे होतात, हे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात नोंदवले होते. त्यांच्यासमोर घड्याळजी आणि सोनार होते. विणकरांचे दुखणेही त्याच जातीचे.

पुढे विजेचा दिवा आला. साध्या बल्बचा उजेड २,७०० केल्विनच्या आसपास, म्हणजे अजून पिवळाच. खरा बदल झाला तो निळ्या एलईडीने. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी बहुधा निळाच असतो; त्यावरचा पिवळा फॉस्फर त्यातला काही निळा प्रकाश पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून पांढरे दिसते. २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि स्वस्त एलईडी दिवे देशभर पोहोचले. मोबाइलचा पांढरा पडदा तर साधारण ६,५०० केल्विनचा, दुपारच्या आभाळासारखा.

इथे निळ्या प्रकाशाबद्दलची भीती आणि वस्तुस्थिती वेगळ्या करायला हव्यात. पडद्याचा निळा प्रकाश उघड्या आभाळाच्या तुलनेत फारच कमी असतो. त्याने दृष्टिपटल जळते याला भक्कम पुरावा नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकावर काम करताना डोळ्यांचा ताण अशा काचांनी कमी होतो असे त्यात दिसले नाही. या काचांवर पैसे घालणाऱ्या कुटुंबांना हे कळणे फार गरजेचे आहे. झोपेची बाब मात्र खरी. दृष्टिपटलातल्या काही पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य असते. ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देते. रात्री उशिरापर्यंत असा उजेड डोळ्यांवर पडला की मेलॅटोनिन हे झोपेचे संप्रेरक स्रवणे लांबते आणि झोप उशिरा येते. कंदिलाने हे फारसे होत नसे.

डोळे चुरचुरणे, जड होणे यामागचे कारण जुनेच आहे. नजर जवळच्या वस्तूवर रोवली की पापण्या कमी मिटतात. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याहूनही कमी वेळा मिटते. अश्रूंचा थर सुकतो, जवळ बघायला लावणारा स्नायू आखडून राहतो. मागावर काय आणि मोबाइलवर काय, शरीर एकच.

चाळिशीनंतर नेत्रभिंग ताठर होऊन जवळचे धूसर दिसू लागते. धागा मोजणाऱ्या माणसाला याचा फटका सगळ्यांत मोठा बसतो, आणि उपाय सगळ्यांत साधा आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या पाने खुडणाऱ्यांना जवळचा चष्मा दिल्यावर, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोड सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. चहाचा कोंब आणि करवतीचा दाता, दोन्ही हातभर अंतरावरच पाहायचे असतात.