बोरू, मनगट आणि सुई

रायपूरच्या मराठी अंमलाविषयी लिहिताना सुभे, वसूल आणि तहनामे यांचाच विचार होतो. ते कागद ज्या हातांनी लिहिले, त्या हातांची विचारपूस कोणी केलेली नाही. १८१८ साली कर्नल अ‍ॅग्न्यू याने छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले, आणि १८३० पासून १८५४ पर्यंत हा मुलूख पुन्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या काळचा कारकून मोडी लिही. ओळ संपेपर्यंत हात उचलावा लागू नये, हा मोडीचा मोठा गुण. पण त्यामुळेच मनगटास विसावा मिळे तो बोरू दौतीत बुडविण्यापुरताच, असे आम्हास वाटते.

ही व्यथा आपल्याच दप्तरातली नव्हे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७१३ साली लेखनिकांच्या रोगांवर एक प्रकरण लिहून तीन कारणे सांगितली : सतत बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याच्या माहितीतील एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्याने लिहावयास शिकला, तर काही दिवसांनी डाव्यानेही तोच मार्ग धरला! सरकारी नोकरी केलेल्या कोणास हे वाचून हसू येईल असे वाटत नाही. पुढे १८९५ साली स्विस शस्त्रवैद्य द केर्व्हें याने अंगठ्याच्या बाजूच्या दोन कंडरांचे आवरण जाड होऊन मनगट दुखते, तो विकार वर्णिला.

अंगठा ताणला की मनगटाशी जो खळगा पडतो, त्याला पाश्चात्त्य शरीरशास्त्रात तपकिरीच्या डबीचे नाव आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतील कारकुनांना हे नाव निराळे शिकवावे लागले नसते. चिनी वैद्यकात याच खळग्यात ‘यांगशी’ नावाचे स्थान आहे. तेथे व अंगठा-तर्जनीमधील ‘हेगू’ या स्थानी बारीक सुया टोचतात, किंवा दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळली पाने जाळून शेक देतात. वारा, थंडी व ओल यांनी प्रवाह अडतो म्हणून वेदना होते, अशी त्यांची उपपत्ती. आपल्या वातविचाराशी तिचे नाते वाचकांच्या ध्यानी येईलच.

ही सुई हिंदुस्थानात आली त्या वाटेवर मराठी माणसांची पावले आहेत. १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे चोळकरही; रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतातच होते, म्हणून चोळकरांचे नाव येथे मुद्दाम घेतो. कोटणीस शस्त्रवैद्य, सुईचे वैद्यक त्यांनी आणले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. त्यांचे सहकारी बिजयकुमार बसू मात्र पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. पाश्चात्त्य शस्त्रक्रिया घेऊन गेलेल्या पथकाने अखेर पौर्वात्य सुई परत आणावी, हा योग आम्हास मोठा विलक्षण वाटतो. भारत सरकारने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली ती २०१९ साली.

आमचे स्वतःचे मनगट गेल्या पावसाळ्यात संगणकाच्या कळा दाबून असे धरले की, चहाची कपबशी डाव्या हाती घ्यावी लागे. रायपुरातच आम्ही सहा वेळा सुया टोचून घेतल्या. त्याच वेळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मनगटास पट्टी बांधली आणि तीन आठवडे लिहिणे बंद ठेवले. दुखणे गेले. गुण सुईचा, पट्टीचा की विश्रांतीचा? शास्त्रीय प्रयोगांचा कौलही या दुखण्यापुरता अद्याप एकमुखी नाही. घरातील मंडळी मात्र विश्रांतीच्या बाजूची आहेत, आणि हा लेख त्यांनी आम्हास तीन बैठकींत लिहावयास लावला.