ईमेल सोपा करणारी बटणं कुणावर तपासली जातात? हट्ट्यातल्या मोबाईलवरून पाहिलं तर उत्तर वेगळंच येतं

पोलीस भरतीचा अर्ज असो, सीईटीचा असो की शिष्यवृत्तीचा. मोबाईल नंबरच्या आसपास एक रकाना असतोच, ईमेल आयडीचा.

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. जुनी बारव आणि भोवतालची हळद ही त्याची ओळख. अशा गावात बहुतेकांचा ईमेलशी संबंध येतो तो या रकान्यापुरताच. ख्यालीखुशाली विचारायला व्हॉट्सअ‍ॅप आहे आणि ऑफिसचं कामकाज ईमेलवर चालतं असे लोक थोडे. पण वर्षातून दोन-चार मेल असे येतात की ते चुकले तर वर्ष वाया जातं. हॉलतिकीट, कागदपत्रं पडताळणीची तारीख, अर्जातली त्रुटी दुरुस्त करायची मुदत. आणि हे दोन-चार मेल पडलेले असतात शॉपिंग, लोन आणि गेमच्या जाहिरातींच्या ढिगाऱ्यात.

हा ढिगारा आवरायला कंपन्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरीच बटणं, टॅब आणि युक्त्या काढल्या. त्या आल्या कुठून, त्या चालतात की नाही हे कसं ठरवलं गेलं, आणि हट्ट्यासारख्या गावात त्यांचं काय होतं, ते पाहू.

ढिगारा नवा नाही

१९९६ साली स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर या दोन संशोधकांनी लोटस या सॉफ्टवेअर कंपनीतल्या वीस लोकांचे इनबॉक्स अभ्यासले. त्यांना दिसलं की लोक इनबॉक्स नुसता पत्रपेटीसारखा वापरत नाहीत. तीच त्यांची कामांची यादी, तेच कपाट, तीच आठवणीची गाठ. ‘हे नंतर बघू’ म्हणून मेल तिथेच ठेवायचा आणि वर नव्यांचा थर चढला की तो विसरायचा.

त्यांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले. रोज आवरणारे, काहीच न आवरणारे, आणि अधूनमधून एकदाच सगळं झाडून काढणारे. दिवाळीच्या साफसफाईसारखं. तुम्ही यातल्या कुठल्या गटात, ते तुमच्या अ‍ॅपवरच्या लाल आकड्याला विचारा.

मग २००४ मध्ये १ एप्रिलला जीमेल आलं. १ जीबी जागा फुकट, ही तेव्हा इतकी मोठी गोष्ट होती की अनेकांना ती एप्रिल फूल वाटली. त्यातला खरा बदल मात्र जागेचा नव्हता. आवरू नका, पुसू नका, लागेल तेव्हा शोधा, असा तो विचार होता. एकाच विषयावरची उत्तरं एकाखाली एक दिसू लागली आणि फोल्डरच्या जागी लेबलं आली.

हा विचार बरोबर होता का? २०११ मध्ये व्हिटेकर आणि आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. ३४५ लोकांनी जुने मेल शोधण्यासाठी केलेल्या ८५,००० हून जास्त कृती त्यांनी नोंदवल्या. निष्कर्ष असा की नेटाने फोल्डर करणाऱ्यांना मेल सापडण्यात काही जास्त यश मिळालं नव्हतं. सर्च करणाऱ्यांचं कामही तितकंच भागत होतं, आणि आवरण्यात गेलेला वेळ वाचत होता.

प्रयोगशाळा, पण आपल्याच घरातली

२००८ मध्ये जीमेलने ‘लॅब्स’ नावाचा कप्पा उघडला. अर्धवट शिजलेल्या सोयी तिथे ठेवायच्या, ज्याला हव्यात त्याने सुरू करायच्या. लोकांनी वापरल्या तर टिकतील, नाहीतर जातील. वीकेंडला रात्री उशिरा मेल पाठवायच्या आधी गणितं सोडवायला लावणारी एक सोयही त्यात होती, म्हणजे भावनेच्या भरात भलतं काही पाठवू नये म्हणून. (व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिननी हिचा विचार करायला हरकत नाही.)

याच कप्प्यातून २००९ मध्ये ‘अनडू सेंड’ आलं. गेलेला मेल परत येतो असा अनेकांचा समज आहे, पण तसं होत नाही. जीमेल तो मेल काही सेकंद स्वतःजवळच धरून ठेवतं. सुरुवातीला ही मुभा ५ सेकंदांची होती. २०१५ मध्ये ती सोय लॅब्समधून बाहेर पडून अधिकृत झाली आणि आता ३० सेकंदांपर्यंत नेता येते. चुका टाळा असा उपदेश करत बसण्यापेक्षा चूक सुधारायला थोडी जागा ठेवायची, हा चांगल्या डिझाइनचा नमुना आहे.

२०१० मध्ये ‘प्रायॉरिटी इनबॉक्स’ आलं. कुणाचे मेल तुम्ही उघडता, कुणाला उत्तर देता, यावरून महत्त्वाचे मेल वर आणायचे. गुगलने त्याची तपासणी केली तेव्हा असं दिसलं की ही सोय वापरणाऱ्यांचा मेल वाचण्याचा वेळ ६ टक्क्यांनी आणि बिनमहत्त्वाचे मेल वाचण्याचा वेळ १३ टक्क्यांनी कमी झाला. आकडे चांगले आहेत. पण ते कुणाचे होते? गुगलच्याच कर्मचाऱ्यांचे.

यात लपवाछपवी नाही. स्वतःची वस्तू आधी स्वतः वापरून बघायची हा सॉफ्टवेअर कंपन्यांचा रिवाजच आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्याला दिवसाला शंभर मेल येतात आणि निम्म्यांना उत्तर द्यावं लागतं, त्याची अडचण वेळेची असते. हट्ट्यात भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला वेळेची अडचण नाही. तिला फक्त तो एक मेल चुकायला नको आहे. ती कुणालाच उत्तर देत नसल्यामुळे, कोण महत्त्वाचं हे ओळखायला यंत्राकडे फारसं काही नसतं.

२०१३ मध्ये टॅब आले : प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स वगैरे. जाहिरातींच्या जाचातून सुटका झाली, पण एकाच वेळी हजारो जणांना पाठवलेला सरकारी किंवा परीक्षेचा मेल यंत्राला जाहिरातीसारखा वाटू शकतो. शिवाय मूळ सेटिंगमध्ये टिंग वाजते ती प्रायमरीतल्या मेलला. प्रमोशन्समध्ये गेलेला मेल गुपचूप पडून राहतो. स्पॅममध्ये गेला तर ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो.

कंपन्या दोन गटांना दोन वेगळ्या रचना दाखवून कुठल्या गटाने जास्त क्लिक केलं ते मोजतात. न उघडलेला मेल तिथे फक्त ‘न उघडलेला’ म्हणून दिसतो. तो जाहिरात होता म्हणून सोडला की हॉलतिकीट होतं आणि दिसलंच नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी माणसाशेजारी बसावं लागतं.

शेजारी बसण्याची पद्धत, आणि मुंबईतला सिनेमा

शेजारी बसून बघण्याला युजर टेस्टिंग म्हणतात. वापरणाऱ्याला एक काम द्यायचं, करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, आणि मदत न करता बघायचं. मदत न करणं सगळ्यात अवघड. याकोब नील्सन यांचं एक प्रसिद्ध गणित आहे की पाच माणसांवर तपासलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. मात्र ती पाच माणसं एकाच प्रकारची असली तर. गट बदलला की पुन्हा वेगळी माणसं बसवायची.

आपल्याकडे ही पद्धत सरळ चालत नाही. समोरच्या अनोळखी, शिकलेल्या माणसाला ‘तुमचं हे अ‍ॅप भिकार आहे’ असं तोंडावर सांगणं आपल्याला जड जातं. आपण ‘छान आहे, मलाच जमत नाही’ म्हणून मोकळे होतो.

यावर मुंबईत एक अफलातून तोडगा निघाला. ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनलमधल्या डिझाइन संशोधक अपला लाहिरी चव्हाण यांनी ‘बॉलिवूड पद्धत’ काढली. विमानाचं तिकीट काढणारी वेबसाइट तपासायची होती. नुसतं ‘तिकीट काढा’ म्हणण्याऐवजी गोष्ट अशी सांगायची : तुमच्या लाडक्या भाचीचं लग्न ठरलंय. अचानक कळतं की नवरामुलगा अंडरवर्ल्डचा सुपारीबाज आहे आणि त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे. पुरावा तुमच्या हातात आहे. त्याच्या बायकोला घेऊन ताबडतोब बंगळुरूला पोचायचंय. काढा तिकीट!

माणूस गोष्टीत शिरला की भीड गळून पडते. बटण सापडलं नाही तर तो वेबसाइटवर भडकतो, कारण आता भाचीचा प्रश्न असतो.

हट्ट्यात चाचणी घ्यायची ठरवली तर

इथे गोष्ट रचायचीही गरज नाही. ‘उद्या सकाळी परभणीला पेपर आहे. हॉलतिकिटाचा मेल आलाय असं मैत्रीण म्हणते. प्रिंटचं दुकान अर्ध्या तासात बंद होणार. शोध.’ एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं.

पहिला अडथळा बहुधा इनबॉक्सच्या आधीच येईल. मेल आलाय कुठल्या आयडीवर? अँड्रॉइड फोन सुरू करताना दुकानदाराने एक जीमेल खातं उघडून दिलेलं असतं, अर्ज भरताना केंद्रावर दुसरं उघडलेलं असतं, आणि कधीकधी घाईत केंद्रवाल्याने स्वतःचाच आयडी टाकून दिलेला असतो. पासवर्ड कुठल्यातरी वहीत. पासवर्ड परत मिळवायला जोडलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा. शिंदेचं स्पेलिंग, मागचे तीन आकडे, मधला टिंब, यातलं एक चुकलं की मेल परक्या माणसाच्या दारात.

दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल बंद करून पुसू शकतं, असा नियमही २०२३ मध्ये आला आहे. अकरावीत अर्जापुरतं उघडलेलं खातं पदवीच्या शेवटच्या वर्षी शोधायला गेलं की हा नियम आडवा येऊ शकतो.

दुसरा अडथळा जागेचा, आणि माझ्या मते तो सगळ्यात दुर्लक्षित आहे. गुगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून असते. जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात. त्यानंतर अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच मोजायला लागले. म्हणजे लग्नाचे व्हिडिओ आणि सुप्रभातचे फोटो साठत जातात, जागा भरते, आणि जीमेल नवे मेल घेणं थांबवतं. पाठवणाऱ्याकडे मेल परत जातो. इकडे इनबॉक्स शांत. जागा भरल्याची सूचना येते, पण ती ‘स्टोरेज’बद्दल बोलते. ‘तुमचं हॉलतिकीट आता येणार नाही’ असं ती म्हणत नाही. शेजारी बसून पाहिलं तर हे एका दुपारीत कळेल.

तिसरी गोष्ट, चाचणीला बसवायचं कुणाला? विद्यार्थी, बचत गटातल्या ताई, हळदवाले शेतकरी हे झालेच. पण गावातला खरा ‘ईमेल वापरणारा’ असतो झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानातला पोरगा. एका दिवसात तो कितीतरी जणांची खाती उघडतो, ओटीपी विचारतो, प्रिंट काढतो, आणि कधी घाईत लॉगआउट करायला विसरतो. त्याच्यासाठी कुणी काही डिझाइन केल्याचं दिसत नाही. पासवर्ड न देता दुसऱ्याला आपलं खातं हाताळू देण्याची सोय जीमेलमध्ये आहे, पण ती साहेब आणि त्यांच्या सेक्रेटरीच्या हिशेबाने केलेली आहे. सुरू करायला कॉम्प्युटर लागतो आणि एकदा दिली की सगळे मेल खुले होतात. ‘फक्त हा एक मेल, फक्त दहा मिनिटं’ असं दाखवता आलं असतं तर दुकानासमोरची निम्मी रांग हलली असती.

भाषेचं म्हणाल तर जीमेल मराठीत दिसतं. देवनागरीतला ईमेल पत्ताही आज तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्यासाठीचे जागतिक नियम २०१२ मध्ये ठरले, जीमेलने २०१४ मध्ये असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी देवनागरी ‘.भारत’ डोमेनही आलं. अडचण अर्जाच्या रकान्यात आहे. अनेक वेबसाइट इंग्रजी अक्षरांखेरीज दुसरा पत्ता मान्यच करत नाहीत.

तोवर स्वतःच्या फोनवर

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आपल्या खात्याच्या आत ‘इनबॉक्स कॅटेगरीज’ असतात. तिथली प्रमोशन्स आणि अपडेट्सवरची खूण काढली की सगळे मेल एकाच यादीत येतात. गर्दी वाढेल, पण भरतीच्या काळात ती परवडते. नोटिफिकेशन ‘ऑल’वर ठेवा. अर्ज भरल्याचा पहिला मेल आला की तो कुठल्या कप्प्यात आला ते लगेच बघा. स्पॅममध्ये असेल तर ‘स्पॅम नाही’ करा, त्या पत्त्यावरून येणारे पुढचे मेल नीट येण्याची शक्यता वाढते.

जाहिरातींचं ‘अनसबस्क्राइब’ आता पूर्वीपेक्षा बरं चालतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या कंपन्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली आणि दोन दिवसांत नाव काढणं बंधनकारक केलं. हे बटण मेलच्या वरच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसतं. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या लिंकवर मात्र नाव काढायला जाऊ नका. तिथे सरळ स्पॅम.

अर्जावरचा आयडी केंद्रातून उठायच्या आधी एकेक अक्षर वाचून घ्या, आणि त्याच आयडीवर आपल्याच फोनवरून एक मेल पाठवून तो पोचतो का बघा. आणि आज रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओचा समावेश बंद करा.