ऊस : मेलानेशिया ते कोल्हापूर

ऊस हे तृणकुलातील बहुवर्षायू पीक. शास्त्रीय नाव सॅकॅरम ऑफिसिनॅरम. कोल्हापूर जिल्ह्याच्या अर्थकारणाचा, राजकारणाचा आणि सणावारांचा कणा असलेल्या या पिकाचे मूळ घर मात्र पश्चिम प्रशांत महासागरातील मेलानेशियात, न्यू गिनी या बेटावर आहे. या बेटाचा पूर्वेकडील अर्धा भाग म्हणजे आजचा पापुआ न्यू गिनी हा देश. तेथे ऊस परसबागेतला राहिला, मेलानेशियातल्याच फिजी बेटांवर तो मळ्यांचा आणि वेठीचा झाला, तर पंचगंगेच्या खोऱ्यात तो लहान शेतकऱ्याचा आणि सहकाराचा झाला. एकाच वनस्पतीने तीन ठिकाणी तीन वेगळे समाज घडवले, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात समाज वनस्पतीने घडवला नाही. जमीन कोणाची, वजनाचा काटा कोणाच्या हाती आणि कोयता चालवणाऱ्याला काय हक्क, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी तो घडवला. मेलानेशिया आणि कोल्हापूर शेजारी ठेवून पाहिले की हे स्पष्ट होते.

उगम : जाड, रसाळ, चघळायचा ऊस न्यू गिनीतील लोकांनी सॅकॅरम रोबस्टम या रानटी जातीतून हजारो वर्षांपूर्वी निवडून काढला. या बेटावरची शेती बाहेरून आलेली नव्हे. पश्चिम हायलँड्समधील कूक येथील दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या खुणा आणि नंतरच्या काळातील पाणी काढून देणारे चर सापडले आहेत; २००८ साली हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथील माणसाने केळी, अळू आणि ऊस यांच्याबरोबर बागायत शिकून घेतली, तीही कोणत्याही राजाच्या वा साम्राज्याच्या आज्ञेविना. उसाचे वाण गोळा करण्यासाठी १९२८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने विमानातून न्यू गिनीची मोहीम काढली. तिच्यात जावा बेटावर पीओजे २८७८ हा गाजलेला संकरित वाण तयार करणारे याकोब येसविट हेही होते. हाच पीओजे २८७८ पुढे कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात को ४१९ या वाणाचा एक जनक ठरला आणि को ४१९ दख्खनच्या मळ्यांत वर्षानुवर्षे डोलला. आज कोल्हापुरात घेतल्या जाणाऱ्या को ८६०३२ किंवा फुले २६५ यांच्याही आनुवंशिक घडणीत मोठा वाटा न्यू गिनीच्या उसाचाच आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. 'इक्षु' हा शब्द वैदिक वाङ्मयात येतो, मराठी 'ऊस' प्राकृतातील 'उच्छु'मार्गे त्यातूनच आला, जगभरची साखर 'शर्करा' या शब्दावरून नाव मिरवते, मग ऊस परका कसा? उत्तर दोन पदरी आहे. उत्तर भारतातील जुने बारीक ऊस हे न्यू गिनीहून पसरलेला जाड ऊस आणि आशियातील रानटी सॅकॅरम स्पॉन्टेनियम यांच्या संकरातून उतरलेले आहेत. दख्खनमधला जुना 'पुंड्या' तर थेट ऑफिसिनॅरमचाच वाण. रोप पूर्वेकडून आले. पण रस आटवून गूळ आणि खडीसाखर करण्याची विद्या भारताने जगाला दिली. न्यू गिनीच्या माणसाने उसाला गोडी आणली, भारताच्या माणसाने ती गोडी टिकाऊ केली. ज्या क्षणी रस टिकाऊ झाला त्या क्षणी त्याचा बाजार झाला, आणि बाजारासोबत जमीन, काटा आणि मजूर हे प्रश्न आले.

पापुआ न्यू गिनीतील जीवन : १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. परक्या भाषकांत व्यवहार चालतो तो टोक पिसिनमधून. त्या भाषेतला 'वांटोक' हा शब्द समाजाची घडण सांगतो: आपली भाषा बोलणारा तो आपला, त्याला आसरा देणे, त्याच्या लग्नाकार्यात आणि तंट्यात उभे राहणे हे कर्तव्य. देशाची सुमारे ९७ टक्के जमीन आजही रूढीनुसार कुळांच्या सामाईक मालकीची आहे. बहुसंख्य कुटुंबे आपल्या बागेत रताळी, अळू, केळी आणि ऊस एकत्र लावतात. डोंगराळ भागात उसाचे कांड सरळ वाढावे म्हणून त्याला काठीचा आधार देऊन पानांनी बांधतात. बागकामाची मोठी जबाबदारी बाईवर असते. धाग्यांनी विणलेल्या 'बिलुम' या पिशवीत ती रताळी वाहते आणि तान्हे मूलही निजवते. सण वा मेजवानीला तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून 'मुमू' शिजवतात. डुकरे ही संपत्ती आणि मान. चुन्यासह सुपारी चघळण्याची सवय मराठी माणसाला ओळखीची वाटेल. उसाचाच भाऊबंद असलेल्या पिटपिटचा न उमललेला तुरा भाजी म्हणून खाल्ला जातो. फिजीत त्याला 'दुरुका' म्हणतात. या जगात ऊस खाऊ आहे, पाहुणचार आहे, बागेतला एक सोबती आहे. त्याचा काटा होत नाही.

या चित्राला आदर्शवत समजणे चूक ठरेल. तेथे कुळाकुळांतली भांडणे आहेत, दवाखाना आणि रस्ता अनेक खोऱ्यांत अजून पोचलेला नाही, रोख पैशाची चणचण आहे. जमीन कुळाची असली म्हणून शाळेची फी सुटत नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे: आपल्याच बेटावर जन्मलेल्या उसाने तेथील कुटुंबाला जमिनीवरून उठवले नाही. रामू खोऱ्यात गुसाप येथे मोठ्या प्रमाणावर साखर उद्योग उभारला गेला तेव्हा १९८०च्या दशकात 'रामू स्टंट' या रोगाने लागवड कोलमडली. उसाचे घर म्हणजे उसाच्या किडी-रोगांचेही घर. मिश्र बागेत जे पीक सुखाने नांदते ते एकपिकी मळ्यात त्याच मातीत आजारी पडते. मातीइतकाच पिकाच्या मांडणीचा प्रश्न महत्त्वाचा असतो, याचा हा पुरावा.

फिजी : उसाची दुसरी कहाणी मेलानेशियातच घडली. सॉलोमन बेटे आणि आजचे व्हानुआटू येथील हजारो माणसे एकोणिसाव्या शतकात फसवून, धाकाने वा कराराने क्वीन्सलंडच्या आणि फिजीच्या मळ्यांवर नेली गेली. ज्या मेलानेशियात ऊस घडला तिथल्याच माणसांना परक्या जमिनीवर उसाचे मजूर केले गेले. १० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी मूळ इतौकेई लोकांची जमीन विकण्यास आळा घातला आणि त्यांना मळ्यांवर जुंपण्यासही मनाई केली. मग मजूर हवेत म्हणून हिंदुस्थानाकडे नजर वळली. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' जहाज पहिले गिरमिटिये घेऊन आले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे फिजीत उतरली, बहुतेक उत्तर आणि दक्षिण भारतातून. 'गिरमिट' म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, पाच वर्षांचा करार. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स, तेही ठरवून दिलेले काम पुरे झाले तर. काम सोडणे हा फौजदारी गुन्हा होता. बहुतेक मळे आणि कारखाने ऑस्ट्रेलियाच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचे. गोऱ्या मुकादमाला मजूर 'कुलंबर' म्हणत आणि मळ्याच्या वस्तीला 'नरक'.

या व्यवस्थेविरुद्ध हिंदुस्थानात जो आवाज उठला त्यात कोल्हापूरचा धागा आहे. कागल आणि कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय विधिमंडळात गिरमिट पद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला, पण प्रश्न देशभर पोचला. तोताराम सनाढ्य यांचे फिजीतील अनुभवांचे पुस्तक १९१४ साली आले, चार्ल्स अँड्र्यूज यांनी १९१५ साली फिजीत जाऊन चौकशी केली, १९१६ साली मदनमोहन मालवीयांचा ठराव सरकारने मान्य केला आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करार रद्द झाले. गिरमिट संपले तरी काटा कंपनीचाच राहिला. बहुतेक गिरमिटिये तिथेच राहून दहा-दहा एकरांचे कसणारे झाले, पण जमीन कंपनीची किंवा इतौकेई कुळांची, भाव कंपनीचा. १९२१, १९४३ आणि १९६० चे संप यातूनच आले. १९७० साली ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्या निवाड्याने शेतकऱ्याचा वाटा वाढवला आणि काही वर्षांत कंपनीने फिजी सोडले. कारखाने सरकारी महामंडळाकडे गेले. जमिनीची गाठ मात्र सुटली नाही. १९७६ च्या कायद्याखालील पट्टे नव्वदीच्या अखेरीपासून संपू लागले आणि असंख्य कुटुंबांना पिढ्यांचे घर सोडावे लागले. १९८७ आणि २००० साली झालेल्या उठावांमागेही जमीन आणि सत्ता यांची धास्ती होती.

फिजीच्या इतिहासात खलनायक म्हणून इतौकेई समाजाला उभे करणे अन्याय्य ठरेल. देशाची चार-पंचमांशाहून अधिक जमीन 'मतांगाली' या कुळगटांकडे टिकली म्हणूनच तो समाज उखडला गेला नाही. जमीन त्यांच्या दृष्टीने विकायची वस्तू नाही. 'वानुआ' या एकाच शब्दात भूमी, माणसे आणि रीत सामावते. पाहुणा आला की 'यांगोना'च्या मुळीची भेट द्यायची, तानोआ या लाकडी पात्रातून तिचे पेय सर्वांनी प्यायचे, टाळी वाजवून मान द्यायचा, हा शिष्टाचार आज भारतीय वंशाच्या घरांतही रुळला आहे. दोन्ही समाज शेजारी जगले, पण वसाहतीच्या धोरणाने एकाला जमिनीवर आणि दुसऱ्याला कष्टावर ठेवून कायमचे वेगळे उभे केले. दोष उसाचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

कोल्हापूर : पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस वेगळ्या वाटेने वाढला. छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली आणि १९०७ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. नदीत जागोजागी पाणी अडवणारे, फळ्या घालून-काढून चालणारे 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' हे नाव देशभर गेले. पाणी लहान शेतकऱ्याच्या शेतापर्यंत पोचले म्हणून ऊस लहान शेतकऱ्याचा झाला. गुऱ्हाळघर हे त्याचे पहिले रूप: चुलाणावर काहील, रानभेंडीच्या चिकाने मळी काढणे, चिपाडाचे जळण, पाक नेमका केव्हा उतरवायचा हे नजरेने ओळखणारा गुळव्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. साखरेचे युग आले तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेत १९५० साली घातलेला पायंडा कोल्हापूरने उचलला. रत्नाप्पा कुंभार यांचा पंचगंगा, तात्यासाहेब कोरे यांचा वारणा, तसेच भोगावती, कुंभी-कासारी, बिद्री हे कारखाने सभासद शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहिले. फिजीच्या शेतकऱ्याला जे कधी मिळाले नाही ते येथे मिळाले: जमीन स्वतःची आणि काट्यामागे स्वतःचा कारखाना.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कोल्हापूरचे यश काळ्या जमिनीचे आणि पावसाचे आहे. राज्यातला सर्वाधिक साखर उतारा उगाच येथे पडत नाही. उतारा मातीने ठरतो हे खरे, वाटा मातीने ठरत नाही. कसबा बावड्याला पूर्वी खासगी कोल्हापूर शुगर मिल होती, पुढे तिथेच छत्रपती राजाराम सहकारी कारखाना आला. माती तीच, नदी तीच, बदलली ती मालकी. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सहकार राजकारणात रुतला, कारखाने घराण्यांचे झाले, काटामारीच्या तक्रारी आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीवर, एकरकमी एफआरपीवर (सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदरावर) आणि चौदा दिवसांत पैसे देण्याच्या नियमावर शेतकरी उघड भांडतो, कारण कायद्याने आणि सभासदत्वाने तो हिशेब मागण्याच्या जागी उभा आहे. फिजीतल्या मळ्यांच्या चाळींतल्या गिरमिटियाला ती जागा नव्हती.

कोयता : तिसऱ्या प्रश्नावर मात्र कोल्हापूरचे उत्तर अपुरे आहे. दर हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात; बाईचे कष्ट वेगळे मोजलेच जात नाहीत. मुकादमाने दिलेली आगाऊ उचल फिटेपर्यंत तोड सोडता येत नाही, मुले शाळा सोडून पालावर येतात. हे गिरमिट नव्हे, कारण येथे काम सोडणाऱ्याला तुरुंगात घालणारा कायदा नाही, आणि हा फरक लहान नाही. पण काम सोडू न देणारी बेडी (तिथे कराराची, येथे कर्जाची), परक्या मुलखातली झोपडी, बाईची कमी किंमत, या खुणा फिजीच्या मळ्याशी जुळतात. गोखल्यांनी ज्या व्यवस्थेविरुद्ध ठराव मांडला तिचे अवशेष त्यांच्याच शिक्षणभूमीच्या फडात राहावेत, हे सहकाराला शोभत नाही.

महत्त्व : तुळशीच्या लग्नात उसाचा मांडव घालणाऱ्या, संक्रांतीच्या सुगडात उसाचे करवे ठेवणाऱ्या कोल्हापूरने उसाला पीक म्हणून नव्हे, घरचा म्हणून स्वीकारले आहे. न्यू गिनीच्या बागेतही तो घरचाच होता. मधल्या फिजीने शिकवले ते हे, की जमीन, काटा आणि कोयता यांपैकी एकही हातून सुटला तर गोड पीक कडू इतिहास लिहिते. कोल्हापूरने पहिले दोन मिळवले. तोडणीच्या मजुराला सभासदाच्या बरोबरीने नोंद, बाईला स्वतंत्र मजुरी आणि मुलांना शाळा मिळाल्याशिवाय येथील सहकार पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.