आधी श्रीमंती, मग आरोग्य?

सर्वांना सरकारी खर्चाने आरोग्यसेवा मिळाली पाहिजे, असे म्हटले की जाणत्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते. कल्पना उत्तम आहे, पण ती इंग्लंड-स्वीडनला परवडते. आपला देश अजून गरीब, आयकर भरणारे मोजके, लोकसंख्या अफाट. आधी उत्पन्न वाढू द्या. तोवर गरिबांच्या हाती विम्याचे कार्ड द्या आणि बाकीचे बाजारावर सोडा. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत, अग्रलेखांत, डॉक्टरांच्या बैठकांत हे मत इतक्या वेळा ऐकू येते की त्याला सिद्धान्ताचा मान मिळून गेला आहे. माझ्या मते ते निर्दय तर आहेच, शिवाय इतिहासाच्या आणि हिशेबाच्या कसोटीवरही खोटे ठरते.

पूर्वपक्ष मांडायचा तर तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. केंद्र आणि राज्ये मिळून आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास कर गोळा करतो. पश्चिम युरोपातले बरेचसे देश याच्या दुप्पट करतात. त्यात आपल्या सरकारी आरोग्यखात्याची अवस्था लपून राहिलेली नाही. पदे रिक्त असतात, यंत्रे बंद पडलेली असतात, औषधांसाठी बाहेरची चिठ्ठी दिली जाते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत नवजात बालकेही होती. औषधटंचाईचा त्यात किती हात होता यावर वाद झाला. पण अशा यंत्रणेच्या ओंजळीत आणखी पैसा का ओतायचा, हा प्रश्न विचारणाऱ्याला वेडे ठरवता येणार नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

आधी इतिहास पाहू. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी आपली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा तो देश युद्धाने पिळून निघाला होता. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते, अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते आणि ते पुरते संपायला १९५४ उजाडले. यावर कोणी म्हणेल की कर्जबाजारी झाला तरी ब्रिटन साम्राज्याचा धनी होता. ठीक आहे, ते उदाहरण बाजूला ठेवू. आपल्या शेजारी श्रीलंका आहे. तिथे १९३१ सालीच प्रौढ मताधिकार आला. १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीने बेट हादरले आणि मते मागायला येणाऱ्या प्रतिनिधींकडे लोक दवाखाने मागू लागले. १९५१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी रद्द झाली. तेव्हा सिलोन हा चहा-रबरावर जगणारा गरीब देश होता. आज तिथे दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी बहुतांश सरकारी रुग्णालयांतच दाखल होतात, आणि सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेरच राहिला आहे. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तिथे लाखामागे तीसच्या घरात, तर भारतात २०१८-२० च्या पाहणीनुसार ९७. २०२२ च्या आर्थिक अरिष्टात श्रीलंकेत औषधांची भीषण टंचाई झाली, हे खरे. पण ती परकीय चलनाअभावी झाली, कारण तिथली बरीचशी औषधे आयात होतात. जगाला औषधे पुरवणाऱ्या भारताला ती भीती नाही.

थायलंडची कथा त्याहून उद्बोधक आहे. १९९७ साली त्याचे चलन कोसळले आणि सगळ्या पूर्व आशियाला घेऊन बुडाले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, २००२ मध्ये, त्या देशाने सर्वांसाठी आरोग्यसेवेचा कायदा केला. एका भेटीला ३० बाथ, बाकी सगळे सरकारकडे. पुढे तेही माफ झाले. दरडोई उत्पन्न तेव्हा दोन हजार डॉलरच्या आसपास होते. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न आज वर्षाला अडीच लाख रुपयांच्या वर, म्हणजे साधारण तीन हजार डॉलर आहे. वीस वर्षांची महागाई वजा केली तरी तेव्हाचा थायलंड आणि आजचा महाराष्ट्र एकाच पंक्तीला बसतात. त्या वेळीही तिथल्या तज्ज्ञांपैकी अनेकांनी हेच बजावले होते: परवडणार नाही, दिवाळे निघेल. त्यानंतर दोन लष्करी उठाव झाले, सरकारे आली आणि गेली. योजना मात्र कोणी मोडू धजले नाही.

या योजनेमागे संगुआन नित्यारम्फोंग नावाचा डॉक्टर होता. तरुणपणी त्याने सिसाकेत प्रांतातल्या राशी सलाई या मागास भागातल्या रुग्णालयात काम केले होते. तिथे शिकलेली गोष्ट त्याने धोरणात उतरवली. पैसा रुग्णाच्या मागे जातो तेव्हा तो वाटेत कुठे थांबतो, हे आधी पाहिले पाहिजे. थायलंडने २००२ च्या आधी पंचवीस वर्षे खपून तालुका पातळीची रुग्णालये उभी केली होती. १९८० च्या दशकात तर काही वर्षे शहरांतल्या रुग्णालयांच्या नव्या बांधकामाचा पैसा गोठवून तो तालुक्यांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीची सेवा लावली, पण तिथे राहण्याजोगी घरे आणि बरे भत्तेही दिले. कायदा आला तेव्हा तो राबवायला माणसे आणि इमारती हजर होत्या. आपल्याकडचे लोक थायलंडचे कार्ड पाहतात, त्यामागची ही पंचवीस वर्षे पाहत नाहीत.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. गरीब देशाला आरोग्यसेवा परवडत नाही, हे गृहीतकच तपासून पाहावे लागते. अमर्त्य सेन यांनी यावर फार मार्मिक मुद्दा मांडला आहे. प्राथमिक आरोग्यसेवा ही मुख्यतः माणसांच्या श्रमावर चालते: परिचारिका, गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, साधे डॉक्टर. गरीब देशात मजुरीच कमी असल्यामुळे ही सेवा तिथे श्रीमंत देशाच्या मानाने कितीतरी स्वस्तात उभी राहते. म्हणजे देश गरीब असणे हे थांबण्याचे कारण ठरत नाही. याचा दाखला आपल्याच मातीत आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची काळजी घरोघरी पोहोचवली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला, आणि पुढे ती पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. त्यासाठी गडचिरोली आधी श्रीमंत व्हावी लागली नाही. (आशा कार्यकर्त्यांना तुटपुंज्या मोबदल्यावर राबवत राहावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांना रास्त वेतन दिले तरीही ही सेवा स्वस्तच पडते.)

‘पैसा कुठून आणायचा?’ या प्रश्नात एक मोठी गफलत दडलेली आहे. पैसा आजही खर्च होतोच आहे. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून केला. आधी हे प्रमाण ६४ टक्के होते, ते घटले असे अभिमानाने सांगितले जाते, आणि ती घट स्वागतार्हच आहे. तरी पाचातले दोन रुपये आजही आजारी माणूसच मोजतो. तेही कधी? काम थांबलेले, मजुरी बुडालेली, घरातले दुसरे कमावते माणूस खाटेशी बसलेले असते तेव्हा. दागिना गहाण पडतो, बैलजोडी जाते, सावकाराचे दार ठोठावावे लागते. कराच्या रूपाने हाच पैसा धडधाकट असताना आणि ऐपतीप्रमाणे गोळा होतो. समाजाला उपचारांचा खर्च दोन्ही रीतींनी करावाच लागतो. सरकारी रीतीत तो सर्वांत जास्त ओझे पेलू शकणाऱ्यांकडे सरकतो, एवढाच फरक. अप्रत्यक्ष कर तर काडेपेटी विकत घेणारी मजूर बाईही भरते, तेव्हा ‘कर भरणारे मोजके’ हे म्हणणेही अर्धवटच आहे.

इथे प्रतिपक्ष मागे सरतो आणि कार्ड पुढे करतो. आयुष्मान भारत आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. महाराष्ट्राने तर २०२३ मध्ये ते सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला. मग आणखी काय हवे?

हृदयाची शस्त्रक्रिया या योजनेमुळे झालेली, कर्करोगाचे उपचार मिळालेली हजारो कुटुंबे आहेत. त्यांचा दिलासा कोणी हिणवू नये. पण या योजना रुग्णालयात दाखल होण्यापुरत्याच आहेत, आणि लोकांच्या खिशाला लागलेले भोक दुसरीकडेच आहे. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, मुलाचा वारंवार येणारा ताप, तपासण्या, डॉक्टरची फी: घराघरातून जाणारा पैसा मुख्यतः यावर जातो. त्यातला एक रुपयाही कार्ड भरत नाही. उलट दहा वर्षे रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाले आणि मूत्रपिंडे निकामी झाली, की मग योजना दार उघडते.

दुसरा दोष याहून खोल आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही भाजीपाल्यासारखी बाजारात पारखून घेता येत नाही. काय हवे ते रुग्णाला ठाऊक नसते. ते विकणाराच ठरवतो. त्यात पैसे तिसरा कोणी देणार असेल तर हात आवरायला कोणीच उरत नाही. याचे परिणाम आपण भोगले आहेत. २०१२ मध्ये छत्तीसगडात आणि बिहारच्या समस्तीपुरात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली बायकांच्या गर्भपिशव्या विनाकारण काढल्याची प्रकरणे उघडकीस आली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये तर, राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत, तेरा हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिथे विम्याचा पैसा नव्हता, बाईच्या उचलीचा होता. पण बाजार तोच आणि अज्ञानाचा फायदा घेणेही तेच. नियंत्रण ठेवावे तर २०२३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की आयुष्मान भारतचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदले गेले होते. ज्याला आपले लाभार्थी कोण हे नीट ठाऊक नाही, तो खासगी रुग्णालयाच्या बिलावर पहारा कसा ठेवणार?

केंद्रीय नियोजन मंडळाने नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्येच सांगितले होते की सेवेचा पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून यावा, विमा कंपन्यांना मध्ये घालू नये, आणि खर्चाचा किमान ७० टक्के भाग प्राथमिक सेवेवर व्हावा. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला ७५ खाटांचे रुग्णालय सुचवले होते, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये हे पहिले तत्त्व मानले होते. आज तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आपण सहा खाटा ठेवतो. मार्ग ठाऊक नव्हता असे आपण म्हणू शकत नाही.

राहिला नांदेडचा प्रश्न: सरकारी सेवा निकृष्ट का? एक उत्तर साधे आहे. ज्या रांगेत जिल्हाधिकारी, आमदार, प्राध्यापक आणि संपादक उभे राहत नाहीत, ती रांग कोणीच सुधारत नाही. फक्त गरिबांसाठी ठेवलेली सेवा हळूहळू गरीबच होत जाते. थायलंडनेही सरकारी नोकरांची योजना वेगळी ठेवली, तिच्यावर माणशी अधिक खर्च होत राहिला, आणि ही त्या व्यवस्थेतली उणीव मानावी लागेल. म्हणूनच ‘सर्वांसाठी’ हा शब्द मागणीतून गळता कामा नये. मध्यमवर्गाने या सेवेत यायला हवे, ते स्वतःच्या आणि तिच्याही भल्यासाठी.

दुसरे उत्तर कारभाराचे आहे, आणि तेही अवघड नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. औषधे मूळ नावाने घाऊक घ्यायची, प्रत्येक खेप तपासायची, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम ठेवायचे, आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक द्यायचे, ज्यात शिल्लक असेल तेवढी औषधे त्याने आपल्या गरजेप्रमाणे उचलायची. राजस्थानने २०११ मध्ये हे उचलले. महाराष्ट्राने मात्र २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली, विलंबाच्या तक्रारींत वर्षे काढली, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. म्हणजे नांदेडचा धडा सेवा बंद करण्याचा नाही. तामिळनाडूने तीस वर्षांपूर्वी केलेले काम वेळेवर करण्याचा आहे.

फुकट मिळाले की लोक उगाच गर्दी करतील, या आक्षेपावर फार शब्द खर्चायला नकोत. एक दिवसाची मजुरी बुडवून कोणी हौसेने दवाखान्याच्या बाकावर बसत नाही. फीची भीती घातली तर गरजू माणूस उशिरा येतो, आणि उशिरा आलेला रुग्ण अधिक खर्चाचा ठरतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राने आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली फी माफ केली. निर्णय योग्य होता, पण फी माफ झाल्याने कपाटात औषध येत नाही आणि रिक्त खुर्चीवर डॉक्टर बसत नाही. त्याला पैसा लागतो, आणि तो नाही असे म्हणण्याचा हक्क, दरडोई उत्पन्नात देशातल्या मोठ्या राज्यांत वरच्या रांगेत बसणाऱ्या या राज्याला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितले होते की २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चा. ती मुदत केव्हाच उलटली, आणि महाराष्ट्र त्या आकड्याच्या अजून बराच खाली आहे. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी नवे मेट्रोमार्ग आणि नवी स्मारके यांच्या बातम्या वाचून झाल्यावर, वाचकहो, आरोग्याचा वाटा किती टक्के झाला एवढे जरूर पाहा, आणि तो आठाच्या खाली असेल तर आपल्या आमदाराला त्याचा जाब विचारा.